स्ट्रँडबर्ग : बिनडोक्याच्या गिटारीवर एवढे पैसे घालावेत का?

ठाण्याचा_ठोकळा

मंडळी, सल्ला हवाय. माझ्याकडे मेक्सिकोत बनलेली फेंडर स्ट्रॅट आहे. आवाजाबद्दल काही तक्रार नाही, पण दोन कटकटी आहेत. एक म्हणजे वजन. तीन-साडेतीन किलो खांद्याला लावून कार्यक्रमभर उभं राहिलं की दुसऱ्या दिवशी मान धरते. दुसरी म्हणजे ठाणे-दादर. गिग बॅगचं वरचं टोक डोक्याच्या वर जातं आणि दारात शिरताना कोणाच्या ना कोणाच्या तरी कानाला लागतं. शिव्या खातो मी, गिटार नाही.

मावसभाऊ डिसेंबरात अमेरिकेहून येतोय, गिटार आणायला तयार आहे. माझा डोळा आहे स्ट्रँडबर्ग कंपनीच्या बोडेन या इलेक्ट्रिक गिटारीवर. हेडस्टॉक (खुंट्यांचं वरचं डोकं) नाही, ट्यूनर म्हणजे खुंट्या ब्रिजला (बॉडीवर तारा अडकतात तिथे), फ्रेट (दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या) पंख्यासारखे तिरके, बॉडीला भलतेच कट. तिकडे स्वस्तातलं मॉडेल हजार डॉलरच्या आसपास सुरू होतं आणि वरची भरभर चढत जातात. कस्टम्स धरलं तर लाखाच्या पुढे जाणारच.

वाजवतो काय? ब्लूज, थोडं रॉक आणि बँडमध्ये जुनी हिंदी-मराठी गाणी. प्रश्न सरळ आहे. ही गिटार खरंच कामाची आहे, की इन्स्टाग्रामवर दिसते म्हणून हवीशी वाटतेय?

झंपूशेठ

अहो, हा तर गिटारीतला केतू! धड आहे, मुंडकं नाही. आधी शांत करून घ्या, मग विकत घ्या.

वाजवा_रे

वाचतोय. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त बजेट निम्मं आहे.

जुना_ऑर्केस्ट्रावाला

मी गणपतीच्या ऑर्केस्ट्रात गिवसनवर वाजवलंय. कलकत्त्याची गिटार, ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) इतकी उंच की तारेखालून उंदीर जावा. तरी 'मेरे सपनों की रानी' वाजली आणि लोक नाचले. सांगायचं एवढंच की गिटारीला डोकं असावं. ट्यूनर शेपटाला लावायचे तर उद्या मिरजेत बिनखुंटीची सतारही बनवाल.

दीड लाखात एक झकास ट्यूब अँप येतो. तो घ्या, स्ट्रॅट ठेवा.

ड्रॉप_डी_देशपांडे

काका, ट्यूब अँप घेऊन ठाणे-दादर कसं करायचं तेही सांगा. वीस किलोचा असतो तो.

मी बोडेन वाजवतो, मेटल आणि प्रोग्रेसिव्ह रॉक. धागाकर्त्याला थेट उत्तर : वजनाचा प्रश्न खरोखर सुटतो. बॉडी आतून पोकळ केलेली, हेडस्टॉक नाही, त्यामुळे सगळी मिळून सव्वादोन-अडीच किलोच्या आसपास. मुख्य म्हणजे पट्टा लावून हात सोडले तर गिटारीची मान (तारांचा दांडा) खाली जात नाही. बसून वाजवताना खालच्या कटमुळे दोन्ही मांड्यांवर वेगवेगळ्या कोनात ठेवता येते. क्लासिकल गिटारवाले डावी मांडी उंच करून बसतात तसं बसलं की मनगट सरळ राहतं. तासनतास सराव करणाऱ्याला हे पैशात मोजता येत नाही.

आवाज? पिकअप (तारांचा कंप पकडणारी चुंबकं) आणि अँप ठरवतात. लाकूड आणि हेडस्टॉकवर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो.

फ्रेटबोर्ड_फाटका

पुण्यात दुरुस्तीचं काम करतो, हेडलेस हातात येतात अधूनमधून. दिसण्यावर खूप बोललं जातं, रोजच्या वापरावर कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो.

स्ट्रँडबर्गला साधीच तार लागते. गोळीचं टोक ब्रिजमध्ये बसतं, दुसरं टोक नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) मागे एका छोट्या स्क्रूखाली ॲलन कीने (षटकोनी चावीने) आवळायचं आणि उरलेली तार कापून टाकायची. मग ब्रिजमागचं नक्षीदार बटण फिरवून सुरात आणायचं. तार खुंटीवर गुंडाळलेली नसल्यामुळे वेटोळी सैल पडून सूर उतरण्याचा प्रकार नाही. तार बदलणं सवय झाली की फार पटकन होतं.

आता अडचणी. बटणाचा प्रवास मर्यादित असतो. तार आवळण्याआधी हाताने नीट ओढून धरली नाही तर बटण संपतं आणि तार अजून सैलच. मग सोडा, पुन्हा ओढा, पुन्हा आवळा. आवळण्याआधी कापायची मात्र नाही, नाहीतर तार गेली. जाड तारेला वर आणताना बटण बोटांना जड जातं, घामट हाताने तर फारच. आणि ॲलन की घरी विसरलात, स्टेजवर तार तुटली, तर तिथेच कार्यक्रम संपला. स्ट्रॅटला ॲलन की लागत नाही, खिशात तार असली की झालं.

आणखी एक, ज्याच्यावर माझ्याकडे येणारा प्रत्येक जण दचकतो : क्लिप ट्यूनर (हेडस्टॉकला चिमटून लावायचं, सूर दाखवणारं यंत्र) लावायचा कुठे?

झंपूशेठ

कानाला लावा.

छोटी_तर्जनी

हसू नका, हा खरा त्रास आहे. कॅपो (पट्टी बदलायला मानेवर लावायचा चिमटा) अडकवून ठेवायलाही जागा नसते. मी दोन गाण्यांच्या मध्ये कॅपो हेडस्टॉकला चिमटून ठेवते, तिथे हातच हवेत गेला. आणि भिंतीवरचा हुक, ज्यात हेडस्टॉकखाली गिटार टांगतात, तो निरुपयोगी. स्टँडही वेगळा लागतो.

मी बंगळुरात मैत्रिणीची बोडेन निवांत वाजवून पाहिली. माझे हात लहान आहेत, त्यामुळे खूप आशेने घेतली होती. देशपांडे म्हणतात ते वजनाचं आणि बसण्याचं शंभर टक्के खरं. पण मानेचं कोणी बोललंच नाही अजून. स्ट्रँडबर्गची मान मागून गोल नसते. एंड्युरनेक म्हणतात त्याला. मागे सपाट पट्टे असतात आणि मधला पट्टा नटकडून बॉडीकडे जाताना तिरका सरकत जातो. अंगठा मानेच्या मागे, मधोमध ठेवणाऱ्याला ते आवडतं. मी मात्र अंगठा वरून आणून सहाव्या तारेचा स्वर धरते, गिटारवादक जिमी हेंड्रिक्स धरायचा तसा. तिथे त्या कडा सतत जाणवत राहिल्या. वाईट बनवलेली म्हणून नाही, माझी सवय वेगळी म्हणून.

तर ठोकळेबुवा, तुमचा अंगठा कुठे असतो?

हिशेबनीस

उत्तम प्रश्न. हजार डॉलरचा निर्णय अंगठ्यावर.

मी व्यवहाराचं बोलतो. समजा आवडली नाही. विकणार कुठे? स्ट्रॅट असेल तर जाहिरात टाकल्यावर संध्याकाळपर्यंत चार फोन येतात, त्यातले दोन घासाघीस करणारे आणि एक खरा गिऱ्हाईक. हेडलेसला फोन येतात ते "भाऊ, हिचं वरचं कुठे तुटलं?" विचारायला. घेणारे आहेत, पण ते मोजके, आणि सगळे एकमेकांना ओळखतात.

भाऊ आणणार म्हणजे वॉरंटीचं काय, हेही विचारा. सुटा ब्रिजचा भाग लागला तर तो इथल्या गल्लीत मिळणार नाही.

आयबानेझची क्यू मालिका पाहा की. २०२१ मध्ये आली, हेडलेसच आहे, साधी तार चालते, मान नेहमीसारखी गोलसर पण पातळ. क्यूएक्स नावाच्या मॉडेलांत फ्रेट आठ अंशांनी तिरके आहेत, नुसत्या क्यूमध्ये सरळ. आयबानेझचे विक्रेते आपल्याकडे आहेत, म्हणजे बिल हातात येतं.

उप्सालाकर

स्वीडनमधून नमस्कार. नावाभोवती इथल्यापेक्षा भारतात जास्त वलय दिसतंय, म्हणून थोडं लिहितो.

ओला स्ट्रँडबर्ग इंजिनिअर माणूस. २००७ च्या सुमारास छंद म्हणून गिटारी बनवायला लागला. स्वतःच्या ब्रिजचे आराखडे इंटरनेटवर मांडायचा, लोकांशी चर्चा करायचा, त्यातून कंपनी उभी राहिली. बोडेन हे उत्तरेकडच्या एका गावाचं नाव आहे. पण "स्वीडिश बनावट" म्हणून कोणी भाव वाढवत असेल तर फसू नका. नेहमीच्या मॉडेलांपैकी बहुतेक इंडोनेशियात बनतात. त्यात कमीपणा काही नाही, तिथे जगातल्या निम्म्या नामांकित गिटारी बनतात. फक्त पैसे कशाचे देतोय ते ठाऊक असावं : रचनेचे, ब्रिजचे, मानेचे. गावाचे नव्हे.

फ्रेट तिरके का? सहा तारांच्या बोडेनवर जाड तारेची लांबी साडेपंचवीस इंच आणि बारीक तारेची पंचवीस. जाड तारेला ताण मिळतो, बारीक तार बोटाला मऊ राहते. कल्पना त्याची नव्हे. राल्फ नोव्हॅकने अमेरिकेत १९८९ मध्ये पंखा-फ्रेटचं पेटंट घेतलं होतं. सहा तारांवर एवढा फरक डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा हाताला फार कमी कळतो, थोड्या वेळात विसरायला होतं. सात-आठ तारांवर खरी मजा.

चिपळूणकर_पाऊस

कोणी दमट हवेचं बोलेल का? आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चपलेला बुरशी येते. माझ्या गिटारीची मान दर पावसाळ्यात वेगळ्या मूडमध्ये असते. मी ऐकलंय की हेडलेस कार्बनच्या असतात आणि त्यांना हवेचं काही होत नाही. तसं असेल तर मी आजच स्टाइनबर्गर घेतो, जुनी तर जुनी.

फ्रेटबोर्ड_फाटका

थांबा. इथेच लोक पैसे घालवतात.

कार्बनची ती मूळ स्टाइनबर्गर. नेड स्टाइनबर्गर ब्रुकलिनमध्ये फर्निचर डिझाइन करायचा, तिथेच स्टुअर्ट स्पेक्टरशी गाठ पडली आणि १९७७ मध्ये त्याने स्पेक्टरचा एनएस बेस (बेस गिटार) आखून दिला. पुढे त्याच्या मनात आलं की बेसची मान खाली का जाते? तर टोकाला लोखंडी ट्यूनर आहेत म्हणून. मग टोकच काढून टाकलं. १९८० च्या आसपास एल-टू बेस आला : कार्बन आणि काचेच्या तंतूंचा साचा, वल्ह्यासारखी चिमुकली बॉडी, ईएमजी पिकअप. सुरुवातीच्यांच्या मानेत ट्रस रॉडसुद्धा (मान सरळ ठेवणारी आतली सळई) नव्हता, गरजच पडत नसे. पावसाचं त्यांना खरंच काही होत नाही.

१९८७ मध्ये कंपनी गिब्सनने घेतली. नंतर 'स्पिरिट बाय स्टाइनबर्गर' नावाने स्वस्त मालिका आली. आकार तोच, पण ती लाकडी. मान लाकडी, ट्रस रॉड आत, पावसाळ्यात तुमच्या आत्ताच्या गिटारीइतकीच मूडी. फोटोत दोन्ही सारख्या दिसतात. जाहिरातीत "स्टाइनबर्गर, कार्बन" लिहिलेलं असेल तर मागून मानेचा जोड पाहा, फोटो मागवा.

स्ट्रँडबर्गची मानही लाकडीच. काही मॉडेलांत भाजलेलं मेपल असतं, ते पाणी कमी पितं, बऱ्याचशांत आत कार्बनच्या पट्ट्या असतात. म्हणजे कमी हलते. "काही होत नाही" असं नाही. चिपळूणला तुम्ही कुठलीही घ्या, वर्षातून दोनदा सेटअप (मान आणि तारांची उंची जुळवून घेणं) आणि पेटीत सिलिका जेल.

आणि स्टाइनबर्गरच्या तारा वेगळ्या. दोन्ही टोकांना गोळी. डॅडारिओ बनवते, पण आपल्याकडे गल्लीतल्या दुकानात मिळणं कठीण. साधी तार लावायला अडॅप्टर येतात, पण ते आधी मिळवून ठेवा.

मंद्रसप्तक

बेसवाल्यांना बोलावल्याबद्दल आभार (कोणी बोलावलं नव्हतं).

हेडलेस ही मुळात आमची गरज होती, गिटारवाल्यांनी नंतर उचलली. रश बँडचा गेडी ली ८० च्या दशकात स्टाइनबर्गर बेस वाजवायचा. गिटारीत ॲलन होल्ड्सवर्थ होऊन गेला, ज्याचं ऐकून देशपांडेसारखे लोक झोपत नाहीत. म्हणून कोणी "ही आजकालच्या पोरांची फॅशन" म्हणालं की मला हसू येतं. ऑर्केस्ट्रावाले काका गिवसन वाजवत होते तेव्हाच ही फॅशन जुनी होत होती.

जमेचा मुद्दा : माझ्या आधीच्या बेसवर ई तारेच्या सातव्या फ्रेटचा स्वर मरायचा, म्हणजे लगेच विझायचा. आताच्या लाकडी हेडलेस बेसवर तसा मरत नाही. टोकाचं वजन गेलं की मान वेगळ्या ठिकाणी थरथरते, एवढंच. आता तिचा मेलेला स्वर दुसरीकडे कुठेतरी असेल, मला अजून सापडला नाही.

जुना_ऑर्केस्ट्रावाला

मंद्रसप्तक, टोमणा पोचला. तरीही स्टेजवर बाई गात असताना मागे माणूस वल्हं घेऊन उभा आहे असं दिसू नये एवढंच माझं म्हणणं. लग्नाच्या कार्यक्रमात यजमान विचारतात, "हे काय, मोडलेली गिटार आणली?"

ड्रॉप_डी_देशपांडे

यजमानांना सांगायचं की ही मोडलेली दीड लाखाची आहे. गप्प होतात.

बाय द वे, होल्ड्सवर्थ ऐकून मी झोपत नाही हे खरं आहे, शेजारीही झोपत नाहीत.

पार्ल्याची_पिक

अवांतर : विमानाचं कोणी लिहिलं नाही. साधी स्ट्रॅट मीटरभर लांब, हेडलेस पाऊण मीटरच्या जरा वर. डोक्यावरच्या कप्प्यात हेडलेस बसते, आणि बसवून मी गोव्याला नेली आहे. तरी काउंटरवरच्या माणसाच्या मूडवर असतंच. एकाने बॅग पाहून "क्रिकेट किट का?" विचारलं. मी हो म्हटलं आणि पुढे गेले.

लोकलला मात्र दोघांचाही उपाय एकच : गर्दीच्या वेळी जाऊ नका.

ठाण्याचा_ठोकळा

पार्ल्याची_पिक, कार्यक्रम संध्याकाळी सातला असतो. गर्दी टाळायची तर मला सकाळी अकराला दादरला जाऊन बसावं लागेल.

छोटी_तर्जनी, तुमच्या प्रश्नाने दोन दिवस खाल्ले. वाजवताना स्वतःकडे पाहिलं. ब्लूजमध्ये माझा अंगठा जवळजवळ कायम वरून असतो. बेंड घेताना (तार ओढून स्वर चढवताना) तर मानेला मूठ मारल्यासारखी पकड. जुनी गाणी वाजवताना बारे कॉर्ड लागतात तेव्हाच मागे जातो. म्हणजे मी या मानेचा माणूस नाही, असंच ना?

छोटी_तर्जनी

तसं मी म्हणणार नाही. काही जण सवय बदलून घेतात आणि खूश असतात. पण पैसे देऊन सवय बदलायची की सवयीला साजेशी गिटार घ्यायची, एवढं आधी ठरवा. आणि बेंडचं विशेष तपासा. मूठ मारून बेंड घेताना मनगट फिरतं आणि मानेच्या मागे तळवा टेकतो, तिथेच कड लागते.

ड्रॉप_डी_देशपांडे

इथे मी असहमत. मीही आधी अंगठा वरून आणायचो. वरच्या फ्रेटवर, बाराव्याच्या पुढे, या मानेवर जे सुटसुटीत वाटतं ते गोल मानेवर मला कधीच वाटलं नाही. फोटो आणि लोकांचे अंगठे पाहून ठरवू नका, हात लावा.

फ्रेटबोर्ड_फाटका

दोघांचंही बरोबर, म्हणूनच हात लावल्याशिवाय अमेरिकेहून मागवू नये. ठोकळे, माझ्याकडे सध्या एक बोडेन सेटअपला आली आहे, मालकाला विचारून ठेवतो. एका ओळखीच्याकडे आयबानेझ क्यूही आहे. रविवारी पुण्याला या. येताना स्वतःची स्ट्रॅट आणा आणि तेच तुकडे तिन्हींवर वाजवा. नवीन गिटारीवर सगळेच नवीन चाली वाजवतात आणि मग कळत काहीच नाही.

झंपूशेठ

आणि येताना ठाण्याहून एक्सप्रेस गाडीने या, बॅग वर ठेवायला फळी आहे. तुमच्या दोन कटकटींपैकी एक तिथेच मिटली.

ठाण्याचा_ठोकळा

पुण्याला जाऊन आलो. फाटकासाहेबांचे आभार, चहा आणि शिव्या दोन्ही मिळाले (माझ्या स्ट्रॅटची ॲक्शन पाहून).

बोडेन : उभं राहून खांद्याला लावली आणि पट्टा आहे की नाही ते कळेना. बाराव्या फ्रेटपुढे देशपांडे म्हणतात तेच, हात आपोआप वर सरकतो. तिरक्या फ्रेटचं मी थोड्या वेळात विसरलो, उप्सालाकर बरोबर. पण पाचव्या-सातव्या फ्रेटवर, तिसऱ्या ('जी') तारेवर पूर्ण स्वराचा बेंड घेऊन व्हायब्रेटो द्यायला गेलो की तळव्याला ती कड. दर वेळी. देशपांडेंचा ताजा मुद्दा लक्षात ठेवून अंगठा मागे नेऊन पाहिला, तर बेंड अर्ध्यावर थांबतो, कारण माझ्या बेंडची सगळी ताकद मनगटातून येते.

आयबानेझ : मान माझ्या सवयीपेक्षा पातळ आहे, पण गोलसर. बेंड येतात. वजनाने बोडेनच्या जवळच वाटली. बॉडी मात्र बोडेनइतकी मांडीवर हुशारीने बसत नाही. ब्रिजची बटणं दोन्हींची थोडी जड, फाटका म्हणतात की जाड तारेला चिमटा किंवा की वापरायची.

एक गोष्ट अनपेक्षित : माझे जुने ब्लूजचे तुकडे आयबानेझवर वाजवले, तेव्हा फाटकांनी माझ्याकडे पाठ केली होती आणि त्यांना वाटलं स्ट्रॅटच चालू आहे. मधलं पिकअप निवडलं होतं म्हणून असेल.

तर सध्या भावाला सांगितलंय की गिटार आणू नकोस, एक चांगला पट्टा आण. आयबानेझ इथेच बिलासकट घ्यायच्या विचारात आहे. मेटल वाजवायला लागलो तर बोडेनचा विचार पुन्हा करेन, तेव्हा देशपांडे, तयार राहा.

हिशेबनीस

दुकानात घेण्याआधी चार गोष्टी तिथेच करून पाहा. सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवा, एकही अडकता कामा नये. नटजवळच्या आवळायच्या स्क्रूंची खाच झिजलेली नाही ना ते भिंगाने बघा, प्रदर्शनातली गिटार असेल तर दहा जणांनी आवळलेली असते. एक तार स्वतः बदलायला मागा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान. आणि ॲलन कीचा जास्तीचा संच तिथेच घ्या, बॅगच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

चिपळूणकर_पाऊस

मीही स्टाइनबर्गरचा नाद सोडला. एका जाहिरातवाल्याला मानेच्या जोडाचा मागून फोटो मागितला, त्याने समोरून तीन पाठवले.

जुना_ऑर्केस्ट्रावाला

ठोकळे, शेवटी डोकं नसलेलीच घेणार तर. घ्या. पण मग ती मेक्सिकन स्ट्रॅट पडून राहणार ना? विकायची असेल तर इथे भाव टाकू नका, हिशेबनीस खाली पाडेल. मला व्यनि करा.